पंखा निवडावा तो भरल्या होडीसाठी

आउटबोर्ड इंजिनाच्या पंख्यावर १३ × १९ असे दोन आकडे असतात: पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे एका फेरीत पंख्याने तत्त्वतः पुढे कापायचे अंतर. पाणी निसटते, म्हणून होडी त्याहून कमीच सरकते. मोठा पिच म्हणजे जास्त वेग, हा समज इथूनच येतो आणि तो अर्धाच खरा आहे. निकाल देतो तो टॅकोमीटर. नेहमीची माणसे, जाळी, बर्फ, पेट्रोल होडीत असताना थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि इंजिनाचे फेरे मोजावेत. माहितीपुस्तिकेत मिनिटाला ५००० ते ६००० ही मर्यादा दिली असेल आणि काटा ४६०० वरच अडकत असेल, तर पिच जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. इथे दोन-तीन इंच उतरावे लागेल. रिकामी होडी हलकी, तिच्यावर फेरे जास्त दिसतात; रिकाम्या होडीवरची चाचणी म्हणूनच फसवी.

कमी फेऱ्यांत पेट्रोल वाचते, असे यावर कोणी म्हणेल. हलक्या भारावर ते खरेही आहे. पण पूर्ण थ्रॉटलवर दमछाक झालेले इंजिन पेट्रोल वाचवत नाही, ते तापते आणि आत काजळी धरते. उलट पिच फार कमी केला तर फेरे मर्यादेबाहेर जातात, तेही घातकच. धातूचे म्हणाल, तर स्टीलचा पंखा अॅल्युमिनियमपेक्षा कमी वाकतो, म्हणून पाणी चांगले पकडतो. मात्र खडकाळ खाडीत अॅल्युमिनियमचे पाते स्वतः वाकून बराचसा दणका पचवते. स्टीलचे तो गिअरकडे धाडते.