अळवावरचं पाणी आणि पाकिटावरची शाई

आपल्या विज्ञानाच्या सदरात आज बोलूया पाकिटावरच्या छपाईबद्दल.

चिवड्याचं पाकीट हातात आलं की आपल्यातले बरेच जण आधी मागची बाजू वाचतात. शेंगदाणे आहेत का? तीळ आहेत का? तारीख कुठली? इथे ब्रिटनमध्ये 14 ॲलर्जीकारक पदार्थ घटकांच्या यादीत ठळक दाखवावेच लागतात. ज्या घरात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल आहे, तिथे यातला एक शब्द पुसट झालेलाही चालत नाही. आणि गंमत बघा, ज्या प्लास्टिकवर हे सगळं छापतात, त्यावर शाई मुळात धरतच नाही.

असं का? पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन म्हणजे नुसत्या कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या. शाईनं धरून राहावं असं त्यात काही नसतं. फ्रीझरच्या साध्या पिशवीवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो पसरत नाही, गोळा होऊन बसतो. अगदी अळवावरचं पाणी!

कारखान्यात ही चिकटण्याची तयारी 'डाइन'मध्ये मोजतात. पॉलिथिनचा आकडा साधारण 31 असतो. छपाईला मात्र सहसा 38 किंवा त्याहून जास्त लागतो. मधली दरी भरून काढते वीज.

फिल्म रुळावरून धावत असते. तिच्यापासून एक-दोन मिलिमीटरवर इलेक्ट्रोड असतो आणि त्यात हजारो व्होल्टचा दाब. मधल्या फटीतली हवा जांभळट चमकू लागते. हवेतल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, काही रेणू तुटतात. हाच प्लाझ्मा. आकाशातली वीज आणि ट्यूबलाइटचा उजेड ही त्याचीच भावंडं. 'प्लाझ्मा' हे नाव 1928 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांनी दिलं. फिल्मसाठी ही युक्ती 1951 मध्ये डेन्मार्कचे अभियंते व्हर्नर आयस्बी यांनी शोधली. साध्या हवेत केली तर तिला कोरोना प्रक्रिया म्हणतात. हवेऐवजी निवडक वायू वापरले, की कारखान्यातले लोक तिला प्लाझ्मा प्रक्रिया म्हणतात.

या माऱ्यानं प्लास्टिकच्या वरच्या थरातले काही बंध तुटतात आणि तिथे ऑक्सिजन येऊन बसतो. आता शाईला धरायला जागा मिळते. हा बदल फक्त काही नॅनोमीटर खोल असतो. आपला केस त्याच्या हजारो पट जाड! म्हणून फिल्म दिसायला तशीच राहते आणि तिची ताकदही तशीच राहते.

पण हा गुण कायमचा नाही. रीळ गोदामात पडून राहिलं की तो हळूहळू ओसरतो. फिल्म गुळगुळीत राहावी म्हणून घातलेले मेणासारखे पदार्थही वर येऊन पृष्ठभाग झाकतात. म्हणून छपाईआधी पुन्हा तपासणी करतात. ठरावीक डाइनच्या द्रवाची रेघ ओढायची. ती दोन सेकंद अखंड राहिली तर ठीक, तिचे थेंब झाले तर फिल्म नापास. मारा जास्त झाला तरी पंचाईत: रिळातले थर एकमेकांना चिकटतात, किंवा पाकीट उष्णतेनं नीट बंद होत नाही.

चिवड्याच्या चकचकीत पाकिटात छपाई बहुधा दोन थरांच्या मधे असते, त्यामुळे नखानं खरवडली तरी निघत नाही. तिथे शाईबरोबर थर जोडणारा गोंदही याच प्रक्रियेच्या भरवशावर असतो.

तेव्हा मंडळी, पाकिटावरची अक्षरं निघाली असतील, तर "नेहमीचाच ब्रँड आहे" म्हणून अंदाज बांधू नका. घटक बदललेले असू शकतात. ॲलर्जी असलेल्या मुलाला ते देऊ नका, दुकानात परत दाखवा. आणि फराळ डब्यात ओतलात तरी घटकांची पट्टी कापून डब्याला चिकटवून ठेवा. पाहुण्यांच्या मुलांसाठीही ती कामाला येते.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.