जुनी फिल्म, जुनी रसायने

समजा अकोल्याच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुम्हांला एक रंगीत स्लाइड फिल्म सापडली. आजोबांनी १९८० च्या सुमारास चिखलदऱ्याच्या सहलीत फोटो काढले, पण रोल धुवायचा राहूनच गेला. खोक्यावरची मुदत केव्हाच संपली आहे. अमरावतीच्या काकांना फोटोग्राफीचा नाद होता. त्यांच्याकडे रसायनांच्या अर्ध्या बाटल्या आहेत. मग रोल घरीच धुवावा का? थांबा! फिल्म एकदाच धुता येते.

आधी स्लाइड कशी तयार होते ते पाहू. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे थर असतात. काही निळ्या, काही हिरव्या, तर काही लाल प्रकाशासाठी. पहिला डेव्हलपर प्रकाश लागलेल्या कणांची काळी चांदी करतो. उरलेले कण नंतर रंगीत डेव्हलपरमध्ये काळे होतात आणि तेथेच पिवळा, किरमिजी व निळसर हिरवा रंग निर्माण होतो. शेवटी ब्लीच व हायपो सारी चांदी काढून टाकतात. मागे राहतो तो केवळ रंग. म्हणजे पहिल्या डेव्हलपरने जितके जास्त कण वापरले, तितका रंग कमी.

आता फिल्म जुनी झाली की काय होते? अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो. अशा उष्णतेत वर्षानुवर्षे राहिल्यावर काही कण प्रकाश न लागताही पहिल्या डेव्हलपरमध्ये काळे होतात. रंगासाठी कण कमी उरतात आणि स्लाइड फिकट येते. सगळे थर सारख्या वेगाने खराब होत नाहीत, म्हणून रंगांचा तोलही बिघडतो.

डेव्हलपरचे उलट आहे. हवेतील ऑक्सिजनमुळे तो चहासारखा तपकिरी व दुबळा होतो. दुबळा पहिला डेव्हलपर कमी कण काळे करतो, म्हणून स्लाइड गडद येते.

‘एक फिकट, एक गडद, मग दोन्ही मिळून ठीक!’ असे तुम्ही म्हणाल. पण तसे होत नाही. दोन्ही दोष उजेड आणि सावली यांतला फरक कमीच करतात. चित्र मातकट होते.

तेव्हा आधी खोके वाचा. ‘ई-६’ लिहिले असेल तर घरी धुणे शक्य आहे. कोडाक्रोम असेल तर रंगांची आशा सोडा. तिच्यात रंग घडवणारी द्रव्ये नसतातच, आणि ती धुणाऱ्या जगातील शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस नवे रोल घेणे बंद केले.

ई-६ साठी रसायने ताजीच घ्या. पहिल्या डेव्हलपरचे तापमान ३८ अंश सेल्सिअस आणि वेळ ६ मिनिटे. थंड देशांत त्यासाठी पाणी तापवावे लागते. वऱ्हाडात मे महिन्यात मात्र गच्चीवरच्या टाकीतले पाणी गार करावे लागेल! डेव्हलपर जिवंत आहे का, हे उजेड लागलेल्या टाकाऊ फिल्मच्या तुकड्यावर थेंब टाकून पाहा. काही मिनिटांत तुकडा काळा झाला पाहिजे.

हे काम मोठ्यांच्या सोबतीने, हातमोजे घालून, स्वयंपाकघरापासून दूर करा. वापरलेल्या हायपोत चांदी असते. तो विहिरीजवळ किंवा नालीत ओतू नका.

आणि रोल फारच मोलाचा असेल तर? तो कृष्णधवल डेव्हलपरमध्ये धुवून घ्या. रंग कायमचे जातील, पण आजोबांचा चेहरा दिसण्याची शक्यता त्यातच अधिक. रंग हवे की चेहरा, हे रोल डब्यातून काढण्यापूर्वीच ठरवायला हवे.