आयांनी केलेला तपास

३० नोव्हेंबर १९७६ रोजी अर्जेंटिनात नेस्तोर दे विन्सेंती हा तरुण आणि त्याची होणारी बायको राकेल यांना लष्करी राजवटीच्या माणसांनी उचलून नेले. नेस्तोरची आई अझुसेना व्हियाफ्लोर तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. तरुणपणी त्यांनी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली होती. पुढे लग्न, चार मुले आणि ब्युनोस आयर्सला लागून असलेल्या कामगारवस्तीतला संसार. मुलगा कुठे आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

२४ मार्च १९७६ रोजी जनरल व्हिदेला यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता घेतली होती. विरोधकांवर खटले भरले तर बभ्रा होतो, गोळ्या घातल्या तर प्रेत उरते आणि प्रेताला वारस असतात. म्हणून या राजवटीने तिसरी वाट धरली. साध्या वेशातले सशस्त्र लोक माणसाला नेत, गुप्त छळछावणीत कोंडत आणि अटकेची नोंद कुठेच होत नसे. घरच्यांनी विचारले की उत्तर ठरलेले असे : अशा नावाचा कोणी आमच्याकडे नाही. प्रेत नाही म्हणून खून नाही, नोंद नाही म्हणून गुन्हेगार नाही.

आयांनी आधी नेहमीचे सगळे दरवाजे ठोठावले. पोलीस ठाणी, छावण्या, गृहखाते, इस्पितळे, शवागारे. कैद्याला न्यायालयापुढे हजर करा, असे मागणारे हेबिअस कॉर्पसचे हजारो अर्ज गेले आणि जवळजवळ सगळे फेटाळले गेले. योगायोग असा की १९७६ च्याच एप्रिलमध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध एक अशा बहुमताने आणीबाणीपुरता हा दरवाजा बंद केला होता. मात्र भारतात मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखालच्या कैद्याचा तुरुंग घरच्यांना बहुधा ठाऊक असे. अर्जेंटिनात अटकच नाकारली जाई.

नौदलाच्या चर्चमधल्या एका धर्मगुरूच्या कार्यालयाबाहेर या बायका तासन्‌तास बसत. एकेकटीने खेटे घालून काही होणार नाही, सगळ्या मिळून राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोरच्या चौकात जाऊ, असे अझुसेना यांनी तिथेच सुचवले. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा जणी प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. त्या दिवशी शनिवार होता, चौक ओस पडलेला. पुढे वर्दळीचा गुरुवार ठरला. जमावबंदी असल्यामुळे पोलिसांनी त्यांना उभे राहू दिले नाही, चालत राहा म्हणून दरडावले. त्या दोघी-दोघी हातात हात घालून चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या. हुकूम पाळूनच त्यांनी निदर्शन उभे केले. ऑक्टोबरमध्ये लुहान या तीर्थक्षेत्राच्या यात्रेत एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला तान्ह्या बाळाची पांढरी लंगोटी बांधली. पांढरा रुमाल ही त्यांची खूण तेव्हापासूनची.

याच सुमारास ‘गुस्ताव्हो निन्यो’ नावाचा एक गोरागोमटा तरुण त्यांच्यात येऊ लागला. आपला भाऊ बेपत्ता आहे, असे तो सांगे. आयांना त्याची काळजी वाटे, पोलीस पकडतील म्हणून त्या त्याला मागे ठेवत. तो नौदलाचा अधिकारी आल्फ्रेदो आस्तिस होता. ८ डिसेंबर १९७७ रोजी सांताक्रूझ चर्चमधल्या बैठकीनंतर त्याने दाखवून दिलेल्या लोकांना उचलण्यात आले. त्यांत एस्थेर बायेस्त्रिनो आणि मारिया पोन्से या दोन आया होत्या, आणि आलीस दोमों ही फ्रेंच नन होती. एस्थेर यांची गरोदर मुलगी काही महिन्यांपूर्वीच छावणीतून जिवंत सुटली होती. मुलीला परदेशी सुखरूप पोहोचवून त्या परत आल्या होत्या, कारण बाकीच्यांची मुले अजून आत होती. रसायनतज्ज्ञ असलेल्या याच एस्थेर यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम केलेला एक तरुण पुढे पोप फ्रान्सिस झाला.

१० डिसेंबर या मानवी हक्क दिनी ‘ला नासिओन’ या दैनिकात बेपत्त्यांविषयी आयांची सह्यांनिशी जाहिरात आली. मागणी एकच, सत्य सांगा. ती पाहायला सकाळी वर्तमानपत्र आणण्यासाठी अझुसेना घराबाहेर पडल्या आणि रस्त्यातूनच त्यांना पळवण्यात आले. त्याच दिवशी लेओनी द्युके ही दुसरी ननही पकडली गेली. म्होरक्या नाहीशा झाल्या की बाकीच्या घरी बसतील, हा हिशेब होता. तो चुकला. आया पुढच्या गुरुवारीही चौकात आल्या.

बेपत्त्यांपैकी काही मुली गरोदर होत्या. छावणीत बाळंत झाल्यावर त्यांना मारले गेले आणि बाळे लष्कराच्या मर्जीतल्या घरांत वाटली गेली. या बाळांच्या आज्यांची वेगळी संघटना १९७७ मध्येच उभी राहिली. मधली पिढीच नसताना नातवंडाचे नाते सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न घेऊन त्या परदेशी शास्त्रज्ञांकडे गेल्या. अमेरिकी जनुकतज्ज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी त्यासाठी पद्धत बसवली. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे आईच्या आईचे रक्तही पुरावा ठरू शकते. १९८७ मध्ये कायद्याने राष्ट्रीय जनुक पेढी स्थापन झाली. सुमारे ५०० बाळे चोरली गेली असा आज्यांचा अंदाज आहे. जुलै २०२५ पर्यंत त्यांतली १४० सापडली.

१९८३ मध्ये लोकशाही परतली. लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या आयोगाने ८,९६१ बेपत्त्यांची नोंद केली. मानवी हक्क संघटना ३०,००० हा आकडा मानतात. १९८५ मध्ये व्हिदेला यांना जन्मठेप झाली, पण नंतरच्या कायद्यांनी बहुतेक अधिकारी वाचले आणि व्हिदेला यांनाही माफी मिळाली. याच काळात आयांमध्ये फूट पडली. बेवारस कबरी उकरून हाडे ओळखायची की नाही, हा त्यातला एक मोठा वाद होता. जिवंत नेले आहे, जिवंत परत द्या, हाडे स्वीकारली तर खुनी कोण हे न कळताच प्रकरण मिटेल, असे एबे दे बोनाफिनी यांच्या गटाचे म्हणणे. इतरांना मूल कसे गेले ते कळायला हवे होते. या दोन्ही भूमिका दुःखातूनच आलेल्या आहेत आणि बाहेरच्याने त्यांत डावे-उजवे करू नये. पुरावा मात्र दुसऱ्या वाटेने हाती आला.

तो आणला तो अमेरिकी तज्ज्ञ क्लाइड स्नो यांनी १९८४ पासून शिकवून तयार केलेल्या तरुण अर्जेंटिनी न्यायवैद्यक पथकाने. १९९५ मध्ये आदोल्फो सिलिंगो या माजी नौदल अधिकाऱ्याने जाहीर कबुली दिली होती : कैद्यांना गुंगीचे औषध देऊन विमानातून जिवंत समुद्रात फेकले जाई. डिसेंबर १९७७ च्या अखेरीस ब्युनोस आयर्सच्या दक्षिणेला किनाऱ्यावर काही मृतदेह लागले होते. जनरल लावाये गावच्या दफनभूमीत ते निनावी पुरले गेले होते. पथकाने ती हाडे काढली. उंचावरून पडल्यावर होतात तशी मोडतोड त्यांवर होती. २००५ मध्ये डीएनएवरून त्यांची ओळख पटली : अझुसेना, एस्थेर, मारिया आणि लेओनी द्युके. त्याच वर्षी ८ डिसेंबरला अझुसेना यांच्या अस्थी प्लाझा दे मायोमध्ये पुरण्यात आल्या.

पाण्यात फेकलेली माणसेच अशा रीतीने साक्षीदार ठरली. २००३ मध्ये संसदेने अभय देणारे कायदे रद्द केले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर पत्रकार मिरियम लेविन, ज्या स्वतः अशाच गुप्त छावणीत कैद होत्या, आणि इटालियन छायाचित्रकार जानकार्लो चेराउदो यांनी कैद्यांना समुद्रात फेकण्यासाठी वापरलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले एक स्कायव्हॅन विमान शोधून काढले. त्याच्या कागदपत्रांत १४ डिसेंबर १९७७ च्या रात्रीचे, सुमारे तीन तासांचे उड्डाण वैमानिकांच्या नावांसह नोंदलेले होते. आस्तिसला २०११ मध्ये जन्मठेप झाली. त्या विमानाच्या तेव्हा हयात असलेल्या दोन वैमानिकांना २०१७ मध्ये तीच शिक्षा झाली. २०२३ मध्ये विमान अर्जेंटिनात परत आणण्यात आले.

माणसे बेपत्ता करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये संमत केला. आप्ताचे काय झाले हे जाणण्याचा कुटुंबाचा हक्क त्यात मान्य झाला आहे, आणि तो या आयांच्या झगड्याचे फळ आहे. भारताने या करारावर २००७ मध्ये सही केली. काश्मीरमधल्या परवीना अहंगर यांच्यासारख्या आया १९९० च्या दशकापासून तोच प्रश्न विचारत आहेत. भारताने त्या कराराला अनुमोदन दिलेले नाही. ते दिले पाहिजे.