नातवंडांचा उन्हाळा, आमचा श्रावण

हल्लीं आमच्यासारख्या पुष्कळ घरांतून एक नवीनच पंचांग चालूं झालें आहे. परीक्षा संपल्या कीं वैशाखांत आजोळ गजबजावयाचें, हा आपला जुना रिवाज. परंतु ज्यांचीं मुलें विलायतेंत स्थायिक झालीं, त्यांच्याकडे नातवंडें येतात तीं तिकडील शाळांच्या सुटींत, म्हणजे जुलैच्या अखेरीस, आणि परततात ऑगस्ट सरतां सरतां. तिकडील सरता उन्हाळा तो आमचा श्रावण. आंबे केव्हांच संपलेले असतात, धुतलेलीं वस्त्रें वाळत नाहींत, आणि घरांत रोज कोणतें ना कोणतें व्रत असतें. नातवंडांस मात्र या सर्वांचें कौतुकच वाटतें.

गेल्या श्रावणांत आमचे चिरंजीव, सूनबाई, बारा वर्षांची नात आणि आठ वर्षांचा नातू असे चौघे सोलापुरास आमच्याकडे आले. या खेपेस सुटीखेरीज आणखीहि एक कारण होतें. धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें आमचें वडिलोपार्जित घर आहे. तें विकावें असें चिरंजीवांचें दोन वर्षांपासून म्हणणें. आमचें मन कांहीं केल्या घेईना. टेलिफोनवर हा विषय निघाला म्हणजे दोन्हींकडून शब्द कमी होत. अखेर, "तिकडे आल्यावर घर पाहूं आणि मग ठरवूं," असें त्यानें सांगितलें, व आम्हीं तें मान्य केलें.

पहिल्याच रविवारीं आमच्या एका जुन्या ख्रिस्ती स्नेह्यांचें बोलावणें आलें. आम्हीं दोघांनीं एकाच शाळेंत वीस वर्षें अध्यापन केलें. नात तिकडे चर्चच्या शाळेंत जाते व तेथील गायकवृंदांत गाते, हें त्यांस ठाऊक होतें. "मास्तर, आमची उपासना पोरांस दाखवा तरी," असा त्यांचा आग्रह. सोलापुरांत अमेरिकन मराठी मिशनचें कार्य एकोणिसाव्या शतकापासूनचें. त्यामुळें येथील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांत आतां चौथी-पांचवी पिढी नांदत आहे. नातीला वाटलें होतें कीं, तिच्या शाळेंतल्याप्रमाणें ऑर्गन वाजेल व इंग्रजी स्तोत्रें होतील. प्रत्यक्षांत पेटी, तबला आणि टाळ निघाले, व गीत सुरू झालें तें रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें. टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्यें वारले. परंतु त्यांनीं अभंगाच्या चालीवर बसविलेली भक्ति मराठी चर्चमधून आजहि गाइली जाते. आमच्या कुटुंबानें पहिल्या कडव्यानंतर नकळत ताल धरला. नात हळूच म्हणाली, "आजी, हें तर भजनच आहे!" परततांना वहिनींनीं तिच्या हातांत घरचे बेसनाचे लाडू दिले आणि "तेरला जातां तर गोरोबाकाकांना आमचाहि नमस्कार सांगा," असें बजावलें.

पुढील आठवड्यांत आम्ही मोटारीनें निघालों. वाटेंत नळदुर्ग. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर बोरी नदीच्या वळणांत हा किल्ला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकीर्दींत नदीवर बांध घातला गेला व त्या बांधाच्या पोटांतच पाणीमहाल रचिला. बांध भरून वाहूं लागला म्हणजे दोन धारा खालीं कोसळतात. त्यांस लोक नर व मादी म्हणतात. डोक्यावरून नदी वाहत आहे आणि आपण आंत कोरडे उभे आहोंत, हें पाहून नातवानें तीनदां विचारलें, "भिंत फुटणार नाहीं ना?" चारशें वर्षें फुटली नाहीं, असें आम्हीं सांगितलें तेव्हां कोठें त्याची मूठ सैल झाली. याच नळदुर्गावरून १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य निजामाच्या राज्यांत शिरलें, हेंहि मुलांस सांगितलें. कारण त्या सालाचा आमच्या घराशीं संबंध आहे.

तुळजापुरास मुक्काम नेहमींप्रमाणें आमच्या पुजाऱ्यांकडे केला. देवी आमची कुलस्वामिनी. तिच्या दर्शनास आपण चढून नव्हे, तर पायऱ्या उतरून जातों, याचें मुलांस नवल वाटलें. कल्लोळ तीर्थ व गोमुख पाहून आम्ही आंत गेलों. आमच्या कुटुंबाचे गुडघे धरलेले; पायऱ्या उतरतांना एका बाजूस सूनबाई व दुसऱ्या बाजूस नात होती. येथील मूर्ति चल आहे. वर्षांतून तीन वेळां देवीस सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवितात; त्यांतली घोरनिद्रा भाद्रपद वद्य अष्टमीस सुरू होते आणि नवरात्राच्या घटस्थापनेस संपते. नातू म्हणाला, "लढाईच्या आधीं झोप हवीच." आम्हांस हें स्पष्टीकरण कोणत्याहि पोथींतल्याइतकेंच समर्पक वाटलें.

देवळाच्या आवारांत चिंतामणि नांवाचा एक वाटोळा दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनांत प्रश्न धरावा; दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, आणि स्थिर राहिला तर कामास विलंब, असा समज आहे. दगड हातांच्या भारानें फिरत असावा, असें आमचें मत. तें आम्हीं आपल्यापाशींच ठेविलें. नातीनें डोळे मिटून हात ठेविले. दगड हालला नाहीं. काय विचारलेंस, असें सर्वांनीं विचारलें. तिनें सांगितलें नाहीं.

दुसरे दिवशीं धाराशिवावरून तेरास पोहोंचलों. तेरणेच्या कांठचें हें गांव आज लहान दिसतें. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' ग्रंथांत ज्या तगर नगराचा उल्लेख आहे, तें हेंच. पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या पेठेंतून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे. येथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आहे. मूळचें तें बौद्ध चैत्यगृह असावें, असें अनेक पंडितांचें मत आहे. गांवांतील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या वस्तूंचें आतां सरकारी संग्रहालय झालें आहे. तेथें एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. तशाच घडणीची मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें सांपडली. तें शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेलें. नातीनें पाँपेईचा धडा शाळेंत वाचलेला होता. ती कांचेपाशीं बराच वेळ उभी राहिली व म्हणाली, "म्हणजे तेरची माणसें आमच्याआधींच तिकडे गेलीं होतीं." मग तिनें गोरोबाकाकांच्या समाधीपाशीं, सांगितल्याप्रमाणें, वहिनींचा नमस्कार पोहोंचता केला. काका शके १२३९ मध्यें समाधिस्थ झाले. असे निरोप त्यांनीं पुष्कळ ऐकले असतील.

अखेर घर. ढाळजेंतून आंत गेलें कीं चौक, सभोंवार सोपे, वर माळवद, भिंतींत धान्याचीं बळदें. दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणपतिविसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारों माणसें अशाच दगडमातीच्या भिंतींखालीं व माळवदांखालीं गेलीं. आमच्या घरीं जीवितहानि झाली नाहीं. परंतु मागच्या भिंतीस पडलेली चीर दर पावसाळ्यांत रुंदावत आहे. तिच्यांतून आम्हांस शेजारचें अंगण दिसलें.

हें घर घेऊं इच्छिणारे गृहस्थ त्या अंगणाचेच धनी. रझाकारांच्या धामधुमींत आमच्या आजोबांनीं मुलांमाणसांस घेऊन निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीस आसरा घेतला, तेव्हां घराच्या किल्ल्या या शेजारी मुसलमान कुटुंबाकडे दिल्या होत्या. परत आल्यावर घरांतील एक तांब्याहि जागचा हालला नव्हता, असें वडील सांगत. त्यांचेच नातू आज गांवांत शिक्षक आहेत. भाऊबंदांपैकीं कांहींनीं या व्यवहारास नाकें मुरडलीं. आमची नाखुषी त्या कारणानें नव्हती. हें घर गेलें कीं मुलांचें तेर तुटलें, एवढीच आमची धास्ती होती.

परंतु झालें तें उलट. मुलें घरांत अर्धा घटका टिकलीं. मग शेजारच्या मुलांबरोबर वेशीकडे धांवलीं, कारण त्या दिवशीं पोळा होता. रंगविलेलीं शिंगें, झुली, घुंगुरमाळा. नातवानें एका बैलास भीत भीत पुरणपोळीचा घांस दिला. त्यांचें तेर त्या चार भिंतींत नव्हतेंच. इकडे विक्रीचा आग्रह धरणारे चिरंजीव मात्र सोप्याच्या खांबास टेकून तासभर बसून राहिले. "अण्णा, राहूं द्यावें का?" असें त्यांनींच विचारलें.

आम्हीं सांगितलें, "नको. यंदा ही भिंत पडली आणि शेजारच्या पोरांवर पडली, तर तें पाप कोणाचें? त्यांना घर बांधावयाचें आहे, आपल्याला नुसतें ठेवावयाचें आहे." बोलतांना आवाज नीट राहिला नाहीं, हें कबूल करावें लागेल. सायंकाळीं शेजाऱ्यांकडे चहा झाला आणि इसार तेथेंच ठरला. किल्ल्या मागावयास ते कचरत होते. आम्हीं त्या आपण होऊन त्यांच्या वृद्ध मातोश्रींच्या हातांत दिल्या. "ह्या आमच्याकडे पूर्वीहि होत्या," एवढेंच त्या बोलल्या.

परतीच्या वाटेवर नातीनें चिंतामणीचा प्रश्न सांगितला. घर राहील का, असें तिनें विचारलेंच नव्हतें. "पुढच्या उन्हाळ्यांत आपण पुन्हां असेंच यायचें ना?" असा तिचा प्रश्न होता. दगडाकडून उत्तर मिळालें नाहीं, म्हणून तें आम्हीं गाडींतच दिलें. शेजाऱ्यांनीं पोळ्याचें आमंत्रण आधींच केलें आहे, आणि आमच्या कुटुंबानें गुडघ्यांस तेल चोळावयास आतांपासूनच आरंभ केला आहे.