न दिसणाऱ्या कामगिरीची पारख



अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ लोकप्रिय आहे तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लांबट असतो. तो हातांत घेऊन पळतात, फेंकतात, आणि ज्याच्या हातीं चेंडू असेल त्याला प्रतिपक्षाचे गडी अंगावर धांवून जाऊन जमिनीवर पाडतात. चढाई करणाऱ्या पक्षाचे अकरा गडी मैदानावर असतात. त्यांचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. चेंडू पुढें फेंकण्याचें काम मुख्यत्वें त्याचें. त्याच्या समोर पांच धिप्पाड गडी एका ओळींत उभे राहतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोहों बाजूंस दोन गार्ड आणि कडेला दोन टॅकल. या पांच जणांच्या फळीसाठीं धंदेवाईक संघ नवे गडी कसे हुडकतात, आणि पैसा व माणसें यांची वाण नसतांहि त्यांत वारंवार कसे फसतात, हें आज आपणांस सांगण्याचा विचार आहे.

या फळीचें काम ऐकावयास सोपें आहे. चेंडू कोणाकडे फेंकावा हें क्वार्टरबॅक ठरवीत असतां त्याला दोन-तीन सेकंदांचा अवधि मिळवून द्यावयाचा, किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्यासाठीं प्रतिपक्षाची भिंत फोडून वाट करावयाची. पुढें फेंकलेला चेंडू झेलण्याचा अधिकार या पांचांना सामान्यतः नाहीं. त्यामुळें गुणफलकाशीं त्यांचा संबंध क्वचितच येतो. क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडलें, तर पाडणाऱ्याच्या खात्यावर त्याची अधिकृत नोंद १९८२ सालापासून होत आली आहे. पण ज्यानें त्याला पाडूं दिलें नाहीं त्याच्यासाठीं वहींत तसा रकानाच नाहीं. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाची गोष्ट थोडीफार अशीच असते. त्यानें अडविलेले शेंकडों चेंडू कोणाच्या लक्षांत राहत नाहींत. सुटलेला एक मात्र सर्वांना आठवतो.

यांत केवळ हारजीतच पणाला लागलेली असते असें नाहीं. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्रीं वॉशिंग्टन संघाचा क्वार्टरबॅक जो थाइजमन याला न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरनें गांठलें. त्या आघातानें थाइजमनच्या पायाचीं हाडें मोडलीं आणि तो पुन्हां कधींहि सामना खेळला नाहीं. उजव्या हातानें फेंकणारा क्वार्टरबॅक फेंकतांना शरीर उजवीकडे वळवतो. त्यामुळें त्याची डावी बाजू त्याच्या पाठीमागें राहते. तेथून येणारा घाला त्याला दिसत नाहीं. त्या बाजूची राखण करणारा तो डावा टॅकल. म्हणून या एका जागेसाठीं संघ वाटेल ती किंमत मोजावयास तयार असतात.

नवे खेळाडू वांटून घेण्याची तेथील रीत ड्राफ्ट या नांवानें ओळखली जाते. पहिला ड्राफ्ट १९३६ सालीं फिलाडेल्फिया येथें झाला. मागच्या हंगामांत जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्यानें प्रथम निवड करावयाची, व विजेत्यानें शेवटीं. आज बत्तीस संघ आहेत आणि निवडीच्या सात फेऱ्या होतात. पहिल्या फेरींतील एक चूक संघाला कित्येक वर्षें भोंवते.

निवडीपूर्वीं उमेदवारांना मापें आणि कसोट्या यांतून जावें लागतें. त्यासाठीं इंडियानापोलिस शहरीं १९८७ पासून मेळावा भरवण्याचा प्रघात आहे. उंची, वजन व हातांची लांबी मोजतात. चाळीस यार्ड पळावयास लावतात. २२५ पौंडांचें वजन छातीवरून किती वेळां उचलतो तें पाहतात. यांतील प्रत्येक मापाला कांहीं अर्थ आहे. ज्याचे हात लांब तो प्रतिस्पर्ध्याच्या छातीला आधीं भिडतो, आणि जो आधीं भिडतो त्याच्याकडे झोंबीचा ताबा राहतो. म्हणूनच टॅकलचे हात निदान चौतीस इंच असावेत असा संकेत रूढ झाला. परंतु संकेत म्हणजे सिद्धांत नव्हे. जो टॉमस याचे हात तेहतीस इंचहि भरले नव्हते. क्लीव्हलंडनें २००७ सालीं त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलें. त्या दिवशीं हा गृहस्थ वडिलांबरोबर मिशिगन सरोवरांत मासे धरीत होता! पुढें त्यानें सलग १०,३६३ डाव एकहि न चुकवतां खेळून काढले आणि २०२३ सालीं त्याला या खेळाच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें.

उलट बाजूचें उदाहरण १९८९ चें. टोनी मँडरिच या तरुणाचें बळ व वेग पाहून परीक्षक दिपून गेले, आणि ग्रीन बेनें त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलें. त्या वर्षींच्या पहिल्या पांचांतील इतर चौघेहि कीर्तिमंदिरांत गेले. मँडरिचला मात्र ग्रीन बेनें चार वर्षांच्या आंतच निरोप दिला. महाविद्यालयांत असतांना आपण बळ वाढविणारीं निषिद्ध औषधें घेत होतों, असें त्यानें पुढें स्वतःच कबूल केलें. मोजपट्टी खोटें बोलली नव्हती. ती अपुरी होती.

हा जुन्या काळचा दोष म्हणून सोडून देतां येत नाहीं. २०१३ सालीं पहिल्या चार निवडींत तीन टॅकल गेले. पहिला एरिक फिशर आणि चौथा लेन जॉन्सन यांनीं आपलें नांव राखलें. दुसरा ल्यूक जोकेल दुखापतींनीं गांजला व त्याची कारकीर्द पांच हंगामांत आटोपली. त्याच ड्राफ्टमध्यें चौथ्या फेरींत, १०९ व्या क्रमांकावर, डेव्हिड बाख्तियारी उरलेला होता. ग्रीन बेच्या ॲरन रॉजर्सची पाठ त्यानें पहिल्याच हंगामापासून सांभाळली आणि पुढें तो आपल्या जागेवरील सर्वोत्तम गड्यांत गणला गेला.

जाणत्या परीक्षकांचीहि अशी फसगत कां व्हावी? पहिलें कारण असें कीं, महाविद्यालयीन खेळांत अलीकडे चेंडू क्वार्टरबॅकच्या हातून फार लौकर सुटतो. फळीला फार वेळ झुंजावेंच लागत नाहीं. ज्या विषयांत पास व्हावयाचें त्याची परीक्षाच झालेली नसते. दुसरें, तेथें दर आठवड्याला तुल्यबळ प्रतिस्पर्धी भेटतोच असें नाहीं. तिसरें कारण सर्वांत सूक्ष्म आहे. कबड्डींतील साखळीप्रमाणें या पांचांचें काम एकमेकांत गुंतलेलें असतें. साखळी तुटली हें सर्वांना दिसतें. कोणाच्या चुकीनें तुटली हें, आधीं ठरलेला बेत ठाऊक असल्याशिवाय, सांगतां येत नाहीं.

म्हणून चांगला पारखी चित्रफीत पुनःपुन्हां लावतो आणि चेंडूकडे न पाहतां एकाच गड्याकडे पाहतो. पावलें आंखूड व रुंद पडतात कीं एकमेकांना ओलांडतात? गडी गुडघ्यांत वांकतो कीं कमरेंत? हात वेळेवर उठतात काय? आणि मुख्य म्हणजे, एकदां चकल्यावर तो पुन्हां सांवरतो कसा? ॲलाबामांतील मोबील गांवीं अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा जो सामना होतो, त्याच्या सरावांत एकास एक अशी झुंज लावतात. कित्येक पारखी सामन्यापेक्षां या सरावालाच अधिक मान देतात.

एवढें करूनहि निवड म्हणजे केवळ बीं पेरणें होय. पुढें मशागत हवीच. फिलाडेल्फियाच्या संघानें २०११ सालीं जेसन केल्सी हा अंगानें लहान समजला जाणारा सेंटर १९१ व्या क्रमांकावर घेतला. तो तेरा हंगाम खेळला. त्याच संघानें २०१८ सालीं जॉर्डन मायलाटा याला २३३ व्या क्रमांकावर निवडलें. हा सिडनीचा रग्बी खेळाडू अमेरिकन फुटबॉलचा एकहि सामना खेळलेला नव्हता. जेफ स्टाउटलंड या शिक्षकानें त्याला पाऊल टाकण्यापासून शिकविलें, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें हाच मायलाटा विजेत्या संघाचा डावा टॅकल होता.

देवळाच्या कळसाकडे सर्वांची दृष्टि जाते. पायाचा दगड निवडणाऱ्या पाथरवटाला मात्र तो हातोडीनें वाजवून पाहावा लागतो. हा खेळ पाहण्याचा योग आपणांस आला, तर एखाद्या डावापुरती चेंडूवरची नजर काढून ओळीच्या डाव्या टोंकाच्या गड्यावर ठेवा. तेथें कांहींच घडलें नाहीं असें वाटलें, तर तो गडी आपलें काम चोख करीत आहे असें समजावें.