चपट्या नाकाचा प्रवासी

सातारा-सांगलीकरांना विमानासाठी पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. सोबत पग जातीचा कुत्रा असेल, तर खरी परीक्षा मे महिन्यात खंबाटकी घाटातल्या वाहनांच्या रांगेतच सुरू होते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो. जीभ आणि नाकातल्या ओलाव्याचं बाष्प होतं आणि शरीर थंडावतं. दख्खनच्या कारवानी कुत्र्याचं नाक लांब, त्यामुळे हे काम सोपं. पगच्या नाकपुड्या अरुंद, टाळू घशात लोंबणारा. उकाड्यात किंवा घाबरल्यावर त्याला हवा पुरत नाही.

त्यात विमानातली हवा विरळ. महाबळेश्वर सुमारे 1,400 मीटर उंचीवर. उडत्या विमानातला दाब मात्र 2,400 मीटर उंचीइतका कमी होऊ शकतो. प्राणी ठेवतात त्या सामानकक्षातही तोच दाब असतो. म्हणूनच अनेक कंपन्या चपट्या नाकाच्या जाती तिथे घेत नाहीत.

घेणारी कंपनी मिळालीच, तर ‘कुत्र्याला झोपेची गोळी देऊ का?’ सहसा नकोच. तिने रक्तदाब उतरतो आणि श्वास मंदावतो. त्यापेक्षा काही आठवडे आधी पिंजरा घरात ठेवा, त्यातच खाऊ घाला. पिंजऱ्यात त्याला उभं राहता, वळता आलं पाहिजे. रेबीज लसीची नोंद आणि पशुवैद्यांचा तंदुरुस्तीचा दाखला जवळ ठेवा. निघायचं ते पहाटे, ऊन चढण्याआधी.