हातातले हत्यार आणि विषयांची निवड

अमेरिकेत सर्व देशाची मिळून अशी एकच शालान्त परीक्षा नाही. नववी ते बारावी विद्यार्थी बरेचसे विषय स्वतः निवडतो, आणि नामांकित विद्यापीठे गुणांबरोबर ती निवडही पारखतात. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, परभाषा यांची कास त्याने शेवटपर्यंत धरली काय, हे पाहतात. १९५० नंतरच्या दशकात निघालेले ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’चे कॉलेजच्या तोडीचे वर्ग मात्र सर्वच शाळांत सारखे नसतात. मग गरीब वस्तीतल्या मुलाने काय करावे? आपल्याकडे काय शिकवले जाते, हे शाळा अर्जासोबत कळवते. कारागिराचे काम आम्ही त्याला मिळालेल्या हत्यारांवरून जोखतो, न्याय तोच. आहे त्यातले अवघड, पण पेलेल तेवढेच घ्यावे. नसलेला वर्ग मागणे हे एकट्या मुलाचे काम नव्हे. तो पालकांनी मिळून मागावा.